मास्तरणीचं पोट

६ फेब्रुवारी

मामा,

तुमचे गुडघे, ताईचा तिसरा मजला आणि जावईबापूंची ती सतत बंद पडणारी लिफ्ट हे सगळं ठीक चाललंय असं धरते आणि सरळ मुद्द्यावर येते. मास्तरणीचं पोट बिघडलंय. एक-दोन दिवसांची गोष्ट नाही, तीन आठवडे झाले.

फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्ही अर्धा तास नुसतं "काय? काय?" करत होतात आणि माझ्या ओरडण्यानं अख्खी पागा बिथरली. तेव्हा पत्रच बरं. यात तुम्हाला प्रत्येक शब्द ऐकू येईल.

सुरुवातीला गोळे नीट पडायचे आणि मागून चहासारखं पाणी यायचं. मला वाटलं, तुम्ही डिसेंबरात गेलात, तिला चुकल्यासारखं होतंय, होईल ठीक. आता गोळेच राहिले नाहीत. सगळा नुसता लगदा, आणि त्यात बोटभर लांब काड्या जशाच्या तशा. शेपूट, मांड्या, मागचे पाय रोज सकाळी भरलेले असतात. मी कोमट पाण्यानं धुते, पुसून कोरडं करते, व्हॅसलीन लावते, तरी आतल्या बाजूची कातडी सोलवटलीय. ती बिचारी पाय फाकवून उभी राहते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू वर्गात चूक माझीच आहे. ताप नाही, पोटदुखी नाही, पाणी पिते. खायला उभी राहते, पण अर्धं टाकून देते.

तुम्ही भिंतीवर लावलेला तक्ता मी अक्षर न् अक्षर पाळतेय. गवत किती, चंदीचा दाणा किती, कधी, कोणत्या क्रमानं. चाळीस वर्षं घोडी सांभाळलेल्या माणसाचा तक्ता आहे, त्यात माझं डोकं चालवायची माझी काय छाती! तरी हे असं.

आणि आता खरं कारण लिहायचं. काल बाई ठाणापाशी आल्या. नाकाला रुमाल लावला नाही, उलट वाकून लीद बघितली. मालकीण असून लिदीची शिसारी नाही त्यांना, एवढं मानलं पाहिजे. मग म्हणाल्या, "एक एप्रिलला मुलांची नवी तुकडी येते. त्याआधी ही बरी झाली तर राहील. नाहीतर ठाण मोकळं करावं लागेल." म्हणजे म्हातारी जनावरं उचलणारा व्यापारी. तो बावीस वर्षांच्या घोडीचं काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

मामा, अर्ध्या गावाला या घोडीनं खोगिरावर बसायला शिकवलंय. मला पण. मी तिला व्यापाऱ्याच्या गाडीत चढू देणार नाही. एकतीस मार्चपर्यंत तिची लीद घट्ट झाली पाहिजे, मग त्यासाठी मला काय वाटेल ते करावं लागो. काय करू ते सांगा.

तुमची
बारकी


११ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. जेवायला बसलो होतो आणि ते मी मोठ्यानं वाचायला लागलो. लगदा शब्दापर्यंत आलो आणि तुझी ताई ताट घेऊन आत निघून गेली. या घरात लिदीवर बोलायला माणूस नाही. जावईबापू सज्जन आहेत, पण घोड्याचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे त्यांना चित्र दाखवून सांगावं लागेल.

आता ऐक. घाबरायचं नाही आणि एका वेळी चार गोष्टी करायच्या नाहीत. एक बदल करायचा, आठ-दहा दिवस थांबायचं, वहीत लिहायचं. सगळंच एकदम बदललंस तर कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं हे तुझ्या बापाला कळणार नाही.

आधी जंत. लिदीचा ताजा नमुना डॉक्टरांकडे दे, अंडी मोजून घे. उगाच अंदाजानं औषध पाजू नकोस.

मग वाळू. तिच्या ठाणापुढची जमीन भुसभुशीत आहे. लिदीचे दोन मूठभर लगदे बादलीत पाण्यात कालव, तासभर ठेव, वरचं हळूच ओत. तळाशी रेती बसली तर पोटात जातेय. खाली रबराची चटई घाल.

आणि कोतवाल. तो शेजारच्या ठाणातला दांडगा अजून भिंतीवरून मान टाकून तिला दात दाखवतो का? घोडं घाबरत खातं तेव्हा पोट त्याचं राहत नाही. दोघांच्या मध्ये फळ्या ठोकून घे, म्हणजे ती निवांत खाईल.

अजून एक. संध्याकाळचं गवत जरा भिजवून देत जा. फार नाही, तासभर पाण्यात. बाई घरी गेल्यावर दे, त्यांना सांगायची काही गरज नाही, उगाच शंभर प्रश्न विचारतील.

मी तिथं असतो तर... जाऊ दे. गुडघ्यांनी घात केला. वही नीट ठेव आणि मला कळवत जा.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

वही ठेवलीय, तीही अशी की बाईंनी पानं चाळली आणि एकही चूक न काढता मिटून ठेवली. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

जंत: अंडी जवळजवळ नाहीत. डॉक्टर म्हणाले, माझ्या स्वतःच्या पोटात यापेक्षा जास्त असतील. वाळू: चमचाभर बसली. चटई घातली, आता दुसऱ्यांदा बघितलं तर चिमूटभरसुद्धा नाही. कोतवाल: नालबंदाच्या मदतीनं मध्ये उंच फळ्या ठोकल्या. आता तो फळ्यांना दात दाखवतो. मास्तरीण शांत झालीय, कान ढिले सोडून उभी असते. पण लीद? लीद तशीच, मामा. काड्या तशाच.

डॉक्टर परवा येऊन गेले. पोटाला कान लावला, नाडी बघितली, डोळ्यांची आतली बाजू बघितली. मग विचारलं, "दात?" मी सामानाच्या खोलीतून दातांचं कार्ड आणून दाखवलं. तुमचं अक्षर, ऑक्टोबरची तारीख, "दात तपासले, ठीक". ते हसले, म्हणाले, "म्हाताऱ्यानं लिहिलंय म्हणजे झालं. मग दातांचा प्रश्न नाही." बघा, तुमच्या एका ओळीवर डॉक्टर तोंड उघडून बघत नाहीत. असा मान मला कधी मिळायचा!

ते म्हणाले, चंदीचं पीठ तिच्या आतड्यात आंबत असेल, तर चंदी बंद करा आणि कोरडं गवत वाढवा, जेवढं खाईल तेवढं. उद्यापासून सुरू करणार आहे.

आता तुमच्या त्या भिजवलेल्या गवताबद्दल. मामा, मी काही आता शेंबडी पोर नाही! तक्त्यावर तुमच्याच हातानं, लाल शाईनं लिहिलंय, "गवत कोरडं. चंदी कोरडी. भिजवलेलं काही देऊ नये." आणि वर बाईंना कळू द्यायचं नाही म्हणता? मी लगेच ओळखलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी नवीन होते तेव्हा मुद्दाम खोगिराचा तंग सैल बांधून "चढ आता" म्हणायचात, ती खोड अजून गेली नाही तुमची. तेव्हा मी पडायचे. आता नाही पडणार. बाईंच्या मागे मी काहीही करणार नाही. जे करीन ते वहीत लिहून, उजेडात.

पाच आठवडे उरलेत. मी हटणार नाही.

बारकी


१ मार्च

बारके,

परीक्षा वगैरे काही नव्हती.

गवत वाढवू नकोस. चंदी हवी तर कमी कर, पण कोरडं गवत वाढवू नकोस. डॉक्टर हुशार आहेत, पण ही घोडी त्यांची नाही, माझी आहे. का ते विचारू नकोस. मी सांगतोय म्हणून ऐक.

तक्ता जुना आहे. तक्त्यावर जे लिहिलंय ते सगळ्या घोड्यांसाठी, मास्तरणीचं वेगळं. भिजवून दे. बाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव, पण नको सांगूस.

हे पत्र मिळताच गवत आवर. इथे टपालपेटी दोन चौक पुढे आहे, आणि लिफ्ट आज पुन्हा बंद. तीन मजले उतरून जातोय.

मामा


९ मार्च

मामा,

तुमचं पत्र सात तारखेला पोचलं. तोवर दहा दिवस गवत वाढवून झालं होतं. त्याच दिवशी ते पूर्वीइतकं केलं, पण बाईंपासून लपवून भिजवणं काही केलं नाही.

फार वाईट झालंय. आता पाणीच पडतं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. बरगड्या दिसायला लागल्या. तंग दोन भोकं पुढे गेला, म्हणजे पोट किती आत गेलंय ते बघा. काल पाणी पिताना तिचे मागचे पाय थरथरत होते. मी पिंप धरून उभी राहिले आणि मला रडू कोसळलं. नालबंद समोर होता, त्यानं दुसरीकडे बघितलं. भला माणूस आहे.

आज बाई आल्या. म्हणाल्या, "तू जिवापाड करतेयस ते मला दिसतं. पण मला घोडीपण दिसते." व्यापाऱ्याला त्यांनी निरोप धाडलाय, एकतीसला या म्हणून.

मामा, आता मी तुम्हाला खरं काय वाटतं ते लिहिते. तुमच्या तक्त्यावर हीच घोडी तीन वर्षं ठणठणीत होती. तेच गवत, तीच चंदी, तेच ठाण, तेच पाणी. बदललं काय? तुम्ही गेलात आणि तिचं खाणंपिणं माझ्याकडे आलं. म्हणजे दोष माझ्या हातात आहे. मी काहीतरी चुकीचं करतेय आणि ते मला दिसत नाही. तुम्हाला मात्र ते दिसत असणार, म्हणूनच तुमची पत्रं अशी तुटक येतात. माझं मन मोडायला नको म्हणून तुम्ही बोलत नाही.

मी ठरवलंय. सोळा तारखेला बाईंना सांगणार, मास्तरणीला दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, दुसऱ्या पागेतून जाणता मोतद्दार बोलवा. आणि मला सोडा. जिला तुमच्यासारख्या माणसानं वीस वर्षं शिकवलं आणि तरी एका घोडीचं पोट सांभाळता आलं नाही, तिनं घोड्यांच्या वाटेला जाऊ नये. माझा हट्ट मास्तरीण वाचावी एवढाच आहे. माझ्या हातून वाचली पाहिजे असं काही नाही.

बारकी


१२ मार्च

बारके,

हे पत्र जावईबापूंच्या हातानं पाठवतोय. त्यांनी सुट्टी काढली, पहाटेच्या गाडीनं येऊन तुझ्या हातात देतील. घोड्यांना घाबरतात, त्यांना फाटकाशीच गाठ. सोबत दुसरं पाकीट आहे, ते बाईंचं. मी दोन्ही आज एका बैठकीत लिहिलीत.

तू कुठेही चुकली नाहीस. चुकलोय मी.

मास्तरणीला चावता येत नाही. तीन वर्षं झाली. डाव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा गेल्यात, उजवीकडची एक कडेनं सुरीसारखी वाढलीय. पहिल्यांदा मला तिच्या पुढ्यात गवताचे ओले बोळे सापडले, चघळून टाकलेले. मी तोंड उघडून एकेक दाढ बोटानं चाचपली. बाईंचा नियम तुला ठाऊक आहे. कोरडा चारा चावेना झाला की ते घोडं इथं राहत नाही. त्या नियमानं मी माझ्या हातानं दोन घोडी व्यापाऱ्याच्या गाडीत चढवलीत. दुसऱ्या वेळी तो घोडा माझ्यामागे मुकाट चढला, कारण पुढे मी होतो. तिसऱ्यांदा माझ्याच्यानं ते होईना.

म्हणून मी खोटं बोललो. तक्ता बाईंच्या डोळ्यांसाठी लिहिला. लाल शाई त्यांच्यासाठीच. मी रोज सगळ्यांच्या तासभर आधी यायचो ते उगाच नाही. गवताची अर्ध्या बोटाची कुट्टी करून, कोमट पाण्यात भिजवून, झाकणाच्या डब्यात पोत्यांमागे ठेवायचो. तुम्हा सगळ्यांची पाठ वळली की द्यायचो, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. पुढ्यात कोरडं गवत नुसतं दिसायला, नंतर मीच ते कोतवालाला घालायचो. म्हणून तर तो असा माजला. दातांचे डॉक्टर वर्षातून एकदा यायचे, त्या दिवशी मी मास्तरणीला नालबंदाकडे न्यायचो आणि कार्डावर स्वतःच "ठीक" लिहायचो. तीन वेळा लिहिलं.

तू जे देतेयस ते लांब गवत ती न चावता गिळते. ते तसंच आतून वाहत येतं आणि आतडी खरवडतं. काड्या तू पहिल्याच पत्रात लिहिल्यास. मी ती ओळ वाचली आणि मूग गिळून गप्प बसलो. मला वाटलं, तू गुपचूप भिजवायला लागलीस की गाडं रुळावर येईल आणि कुणाला काही कळणार नाही. तू मात्र सरळ निघालीस. मीच तशी वाढवली ना तुला!

पागा सोडताना तुला सांगायचं होतं. तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनदा गुडघ्यांचं बोललो. तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली, बारके. घोडीपेक्षा मला माझा मान जास्त झाला, हे आज लिहिताना लाज वाटते. पण काल तुझं पत्र वाचलं, दोष माझ्या हातात आहे असं तू लिहिलंस, आणि ते मला सहन झालं नाही. तुझ्यासारखे हात माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिले नाहीत. ते घोड्यांपासून तोडायचे नाहीत. कानाला खडा लाव.

आता काम. डॉक्टरांना आजच बोलव, तोंड उघडायला लाव, वाढलेली दाढ कानसून घे. कोरडं लांब गवत काढून टाक. कुट्टी अगदी बारीक, कोमट पाण्यात तासभर, हाताला लोण्यासारखी लागली पाहिजे. पहिल्या दिवशी एक मूठ कोंडा, रोज थोडा वाढव, एकदम नाही. चिमूट मीठ. पाच वेळा, ठरलेल्या वेळी. पाणी सतत समोर. पहिले चार दिवस काहीच फरक दिसणार नाही, तेव्हा धीर सोडू नकोस. सहाव्या-सातव्या दिवशी गोळा धरायला लागेल.

बाईंच्या पाकिटात हेच सगळं लिहिलंय, काही गाळलेलं नाही. ते तू स्वतः दे. उजेडात करायचं म्हणालीस ना? उजेडातच होऊ दे.

मामा


२९ मार्च

मामा,

सतरा दिवस उत्तर दिलं नाही. रागानं. तुम्हाला ते कळलंच असेल, तरी लिहून टाकते. मी तुमच्यावर भयंकर चिडले होते. पहिल्याच पत्रात एक ओळ लिहिली असतीत, तर त्या जिवाचे पाच आठवडे हाल झाले नसते. मी ते गवत माझ्या हातानं वाढवलं, मामा! तिच्या पुढ्यात भारेच्या भारे टाकले आणि "खा ग बाई" म्हणाले. हे मला पुढे कितीतरी दिवस आठवत राहणार.

आता झालं ते सगळं सांगते.

जावईबापू फाटकाशी पाकिटं धरून असे उभे होते, जणू कुणीतरी लाथ घालणार आहे. मी तुमचं पत्र तिथेच वाचलं. मग ठाणात गेले आणि मास्तरणीचं तोंड उघडलं. दोन महिने रोज तिची शेपूट धुतली, पण तोंड एकदाही उघडलं नव्हतं. कार्डावर तुमचं अक्षर होतं ना. डॉक्टर आले, दिवा लावून बघितलं. म्हणाले, "आम्ही सगळे एका म्हाताऱ्याचं अक्षर वाचत बसलो आणि घोडी उपाशी राहिली." गालाला आतून जखमा होत्या. त्यांनी दाढ कानसली. ती शांत उभी राहिली, एकदाही मान झटकली नाही.

बाईंचं पाकीट मी त्याच सकाळी नेऊन दिलं. त्यांनी माझ्यासमोर वाचलं. दोन वेळा वाचलं. मग घडी घालून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "बाई, एकतीसपर्यंतची मुदत तुम्हीच दिलीय. ती मला पूर्ण हवी." त्या म्हणाल्या, "घे."

त्या दिवसापासून पाच वेळा. सकाळी पाच, नऊ, एक, पाच, रात्री आठ. कुट्टी मी स्वतः कापते, हातांना फोड आलेत. पाचव्या दिवशी काही फरक नव्हता. सहाव्या दिवशीही नाही, आणि मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. आठव्या दिवशी सकाळी गेले तर गवतावर तीन गोळे पडले होते. नीट, गोल, चकचकीत. मी ते हातात घेतले, फोडून बघितले, एकही लांब काडी नाही, आणि नालबंदाला हाका मारत सुटले. तो नाल सोडून धावत आला. आम्ही दोघं लीद बघून हसत होतो, कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

आज सतरावा दिवस. शेपूट कोरडी, मांड्यांची कातडी भरून आली, तंग एक भोक मागे आला. काल तिनं कोतवालाच्या फळीवर लाथ मारली. पाणी पिताना पाय स्थिर असतात.

आज दुपारी बाई आल्या. लीद बघितली, वही बघितली, मग मास्तरणीच्या गळ्यावरून हात फिरवला. व्यापाऱ्याला त्यांनी नको म्हणून कळवलंय. घोडी राहणार, मामा! मुलांना पाठीवर घेणार नाही, पण राहणार. आणि नियम त्यांनी बदलला. म्हणाल्या, "चावता येईना तर भिजवून घाला. एवढं साधं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. माझा माणूस माझ्याशी बोलू शकला नाही, तो दोष माझाही आहे."

मग त्या पुढे जे म्हणाल्या ते मला लिहायला जिवावर येतंय. पण काही गाळायचं नाही, असं आपलं ठरलंय. म्हणाल्या, "तुझ्या मामानं आज दात लपवले. उद्या पाय लपवला असता, आणि त्या पाठीवर कुणाचंतरी लेकरू असतं. मी त्याच्या अक्षरावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आता नाही ठेवू शकत. तो माझ्या फाटकाच्या आत पुन्हा पाऊल टाकणार नाही." मी भांडले. चाळीस वर्षांचं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्याला सांग, लिहिलंस ते बरं केलंस."

माझा राग गेलाय. कधी गेला ते कळलं नाही, पण गेला. आता तुमची आठवण येते आणि फार वाईट वाटतं.

बारकी


३ एप्रिल

बारके,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. या वेळी जेवताना ताईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन गोळे पडले तिथे ती ताट घेऊन उठली नाही, डोळे पुसत बसली. जावईबापूंनी विचारलं, "चकचकीत म्हणजे चांगलं ना?" माणूस शिकतोय.

बाई बोलल्या ते बरोबर बोलल्या. वाईट वाटून घेऊ नकोस आणि पुन्हा भांडू नकोस. खोगिरावर लेकरू असतं, हे मी तीन वर्षं मनात येऊ दिलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही हेच केलं असतं, आणि इतक्या सौम्य शब्दांत केलं नसतं. त्यांना माझा नमस्कार सांग. फाटकाच्या आत मी पाऊल टाकणार नाही. शब्द दिला, आणि हा शब्द पाळीन.

पण फाटकाबाहेरचा रस्ता काही बाईंच्या तीर्थरूपांचा नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. गुडघे कुरकुरताहेत, कुरकुरू देत. ताई नको म्हणतेय, तिलाही म्हणू दे. जावईबापू सोबत येतात म्हणाले, चार पावलं लांब उभे राहणार या अटीवर. नऊच्या खाण्यानंतर तिला थोडं फिरवायला बाहेर काढ. बाईंना आधी सांग, विचारून परवानगी घे, लपवून काही नको. त्या नाही म्हणाल्या तर मी पलीकडच्या पदपथावर बसून राहीन आणि तू कुंपणापाशी तिला उभी कर, मला लांबून दिसलं तरी पुरे.

हो म्हणाल्या तर दोरी माझ्या हातात दे. तिचं तोंड मला एकदा उजेडात उघडून बघायचंय.

मामा